क्रोशाची सुई आणि दगडाचं पान

आठवीत आपल्याला टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय दाखवायला नेलं होतं, आठवतं? ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू भराभर बघून आपण बागेत डबे उघडले. इमारतीकडे मात्र कुणी मान वर करून बघितलं नाही. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेली ही वास्तू १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली. टोकदार कमानी, उतरतं छप्पर. युरोपातली गॉथिक शैली थेट आपल्या कोल्हापुरात!

पुढे कामानिमित्त जर्मनीत कोलोनला गेले, तेव्हा मान वर गेली. तिथलं कॅथेड्रल १२४८ मध्ये सुरू झालं आणि १८८० मध्ये पुरं झालं, म्हणजे आपल्या टाउन हॉलनंतर चार वर्षांनी. त्याच्या शिखरांच्या कडांवर पार टोकापर्यंत दगडी पानांच्या ओळी आहेत, टोकं बाहेर वळलेली. या नक्षीला इंग्रजीत 'क्रॉकेट' म्हणतात. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये अशी पानं खांबांच्या माथ्यावर आली, मग शिखरांवर चढली. त्याच शतकात आपल्या खिद्रापूरला कोपेश्वराचं मंदिर घडत होतं.

गंमत म्हणजे या नावात पान कुठेच नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'क्रोक' म्हणजे आकडा, आणि 'क्रोशे' म्हणजे छोटा आकडा. क्रॉकेट हे त्याचंच बोलीतलं भावंड. पाथरवटाने कोरलं पान, पण नाव पडलं वळलेल्या टोकावरून. जर्मन लोक त्याला 'क्राबे' म्हणतात. त्याचा दुसरा अर्थ खेकडा! आणि क्रोशे म्हणजेच आपली क्रोशाची सुई. मी रोज प्रोग्रॅममध्ये टाइप करते त्या चौकोनी कंसालाही फ्रेंचमध्ये क्रोशेच म्हणतात.

हे वाचलं आणि शिवणाच्या बाई आठवल्या. "मला इंजिनिअर व्हायचंय, हे कशाला शिकू?" असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. माझा क्रोशाचा रुमाल शेवटी आईने पुरा केला. बाईंनी टाका बघूनच ओळखलं, तरी पास केलं. बोलल्या काही नाहीत.

बाई, मेळाव्याला याल तेव्हा तो रुमाल घेऊन येते. एक कोपरा उसवलाय; तेवढा तुमच्यासमोर बसून माझ्या हाताने विणेन म्हणते. मग सगळे मिळून टाउन हॉलला जाऊ. डबे नंतर उघडू.