पंचवीस पौंडांचे माप : केप वसाहतीची संसद

निवडून आलेल्या विधिमंडळाची पारख करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : त्याच्या हाती सत्ता किती, आणि त्याला निवडतो कोण? दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत सत्ता वाढत गेली आणि मतदाराचे दार अरुंद होत गेले.

पहिल्या प्रश्नाचा निकाल लवकर लागतो. १८५३च्या घटनेनुसार १८५४ साली केप टाउनला संसद भरली. खालच्या सभागृहात ४६ सभासद, वरच्यात १५, दोन्ही निवडलेली. कारभार मात्र गव्हर्नर आणि लंडनने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडेच होता. संसद पैसा अडवू शके, अधिकाऱ्याला घरी पाठवू शकत नसे. गव्हर्नर वुडहाउस यांच्या काळात या रचनेने कारभाराची पुरती कोंडी केली. अखेर १८७२ साली संसदेला जबाबदार मंत्रिमंडळ आले आणि मोल्टिनो पहिले पंतप्रधान झाले.

खरी गुंतागुंत दुसऱ्या प्रश्नात आहे. मताला प्रौढ पुरुष असणे आणि किमान २५ पौंड किमतीची जागा वर्षभर ताब्यात असणे, किंवा वर्षाला ५० पौंड पगार, एवढे पुरे होते. जागा मालकीचीच हवी असे नव्हते, अक्षरओळखही लागत नसे, आणि रंगाचा तर उल्लेखच नव्हता. हे निव्वळ औदार्य नव्हते. सरहद्दीवरचे युद्ध आणि कॅट नदीकाठच्या खोईखोई लोकांचे बंड ताजे होते; असंतुष्टाने बंदूक उचलण्यापेक्षा मत द्यायला यावे, असा अॅटर्नी जनरल विल्यम पोर्टर यांचा युक्तिवाद होता.

ट्रान्सकायचा मुलूख वसाहतीला जोडला गेला तसे आफ्रिकन मतदार वाढू लागले, आणि मग हे माप हलवले गेले. १८८७च्या कायद्याने जमातीच्या सामाईक जमिनीवरचा ताबा मतासाठी धरायचा नाही असे ठरवले. ‘इम्वो’ पत्राचे संपादक जाबाव्हू यांनी त्याविरुद्ध रान उठवले, पण कायदा टिकला. १८९२ साली २५ पौंडांचे ७५ झाले; शिवाय मतदाराला स्वतःचे नाव, पत्ता आणि धंदा लिहिता येणे आवश्यक ठरले. अहमद एफेंडी हे मुस्लिम उमेदवार केप टाउनमधून उभे राहणार म्हटल्यावर १८९३ साली तिथली एकाच उमेदवाराला सगळी मते देण्याची सोय काढून टाकण्यात आली. यातल्या एकाही कायद्यात रंगाचे नाव नाही. मला तरी यातच त्यांची कारागिरी दिसते : लंडनला हरकत घ्यायला जागा उरत नाही.

शेजारच्या नाताळने हा धडा उशिरा गिरवला. आशियाई लोकांचे नाव घेणारे १८९४चे विधेयक लंडनने मान्य केले नाही. १८९६च्या कायद्यात, ज्यांच्या मायदेशी संसदीय मताधिकारावर उभ्या प्रातिनिधिक संस्था नाहीत त्यांना मत नाही, एवढेच म्हटले. रोख हिंदी लोकांवरच होता. हिंदुस्थानात निवडणूक अगदीच नव्हती असे मात्र नाही : त्याच सुमारास टिळक मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आलेले सभासद होते.

या वसाहती एका संघात आणणाऱ्या १९०९च्या दक्षिण आफ्रिका कायद्याने केपच्या आफ्रिकनांचे मत राखले, पण संघाच्या संसदेत बसण्याचा हक्क युरोपीय वंशाच्या लोकांपुरताच ठेवला. इथे मात्र वंश उघड लिहिला गेला. मताला संरक्षण होते ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीतल्या दोन-तृतीयांश बहुमताचे. १९३६ साली १६९ विरुद्ध ११ मतांनी ते ओलांडले गेले आणि आफ्रिकनांची नावे केपच्या सर्वसाधारण मतदारयादीतून निघाली.