उस्ताद, किन्नर आणि १५ तास : ट्रकचालकाच्या शिक्षणाचा इतिहास

१/ पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात काम करू इच्छिणारा फिटर आयटीआयमध्ये २ वर्षे शिकतो. त्याने जोडलेला ट्रक भरल्या मालासह घाटातून उतरवणाऱ्या चालकाकडून मात्र कायद्याने दीर्घकाळ प्रत्यक्ष सरावाचे किमान १५ तासच मागितले. ही तफावत कशी निर्माण झाली, त्याचा हा धागा.

२/ सुरुवात वसाहतकाळापासून. १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने वाहन चालवण्याचे किमान वय १८ ठरवले. १९३९ च्या कायद्याने व्यावसायिक वाहनासाठी ते २० केले. सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दिवसाला ९ आणि आठवड्याला ५४ तासांची कमाल मर्यादा, अशी बंधनेही घातली. थकलेला चालक धोकादायक असतो, हे राज्यकर्त्यांना तेव्हाच ठाऊक होते.

३/ १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवण्यास आरंभ केला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि १९६६ च्या सुमारास टेल्को पिंपरी-चिंचवडला आली. कंपनीचे सूत्रधार सुमंत मूळगावकर यांचा आग्रह असा की, कारखान्याच्या आधी माणसे घडली पाहिजेत. त्यामुळे प्रशिक्षण केंद्राला येथे प्रथमपासूनच मानाचे स्थान मिळाले.

४/ चार गावांची मिळून पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये अस्तित्वात आली. तोवर ट्रक घडवणाऱ्या हातांसाठी शाळा उभी राहिली होती. ट्रक चालवणाऱ्या हातांची शाळा मात्र केबिनमध्येच भरत असे.

५/ त्या शाळेतला गुरू म्हणजे उस्ताद आणि शिष्य म्हणजे क्लीनर, बोलीतला ‘किन्नर’. पोरगा आधी काच पुसायचा, टायरची हवा पाहायचा, मागे उभा राहून ‘आने दो’ ओरडायचा. रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाला झोप आली की चाक त्याच्या हाती यायचे. या परंपरेने असंख्य कुशल चालक घडवले, हे नाकारता येत नाही. पण उस्तादाच्या कौशल्याबरोबर त्याच्या खोडीही शिष्याकडे जात.

६/ त्यातली सर्वांत घातक खोड म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिनच बंद करणे. हेतू डिझेल वाचवण्याचा. पण गिअर सुटला की इंजिनाचा अटकाव संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून पकड सोडतात. शिवाय एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. इंजिन बंद असताना वारंवार ब्रेक दाबले, तर हवेचा साठाच संपतो.

७/ २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालवाहू ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. जी गोष्ट वर्गात एका तासात शिकवता येते, तिची किंमत रस्त्यावर अशी मोजावी लागते.

८/ मग संस्था नव्हत्याच का? होत्या, आणि त्याही याच पट्ट्यात. १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था (सीआयआरटी) भोसरीत आहे. एसटीची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्थाही भोसरीतच. एसटीच्या चालकामागे एक महामंडळ उभे होते. मालवाहतूक मात्र एक-दोन ट्रकच्या मालकांत विखुरलेली. मोटार परिवहन कामगार कायदा (१९६१) मुळात ५ किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, म्हणजे एकट्या ट्रकवरचे उस्ताद आणि किन्नर त्याच्या कक्षेबाहेरच.

९/ १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चित्र बदलू पाहिले. व्यावसायिक वाहनाच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान १ वर्ष हवा आणि परवान्यासाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्रही हवे. १९८९ च्या नियमांनी अभ्यासक्रम आखला : किमान ३० दिवस, प्रत्यक्ष चालवणे किमान १५ तास. शिष्याचे शिक्षण प्रथमच केबिनबाहेर आले, निदान कागदावर तरी.

१०/ पुढे आठवी उत्तीर्णतेची अट आली आणि २०१९ मध्ये ती रद्द झाली. हरियाणातील मेवात भागात अनेकांची उपजीविका वाहन चालवण्यावर होती, पण शाळेचा दाखला नव्हता. तेथील मागणी या निर्णयामागे होती. दाखला म्हणजे कौशल्य नव्हे, हे खरेच. पण अट काढली की प्रशिक्षण आणि चाचणी यांवरचा भार वाढतो, हेही तितकेच खरे.

११/ दरम्यान २००५ मध्ये टाटा एस, म्हणजेच ‘छोटा हत्ती’, रस्त्यावर आला आणि छोट्या मालवाहतुकीचे रूप पालटले. अशा गाड्यांना वेगळा परवाना हवा का, हा वाद विमा कंपन्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २०१७ च्या निकालाने आणि ६ नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाने उत्तर दिले : ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा. अशा परवानाधारकांमुळे अपघात वाढतात, असे दाखवणारी आकडेवारी समोर आली नाही, असे न्यायालयाने नोंदवले.

१२/ २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. जड वाहनासाठी ६ आठवड्यांत ३८ तास, त्यात वर्ग आणि प्रत्यक्ष सराव दोन्ही. तेथून उत्तीर्ण होणाऱ्यास आरटीओची वाहनचाचणी माफ. म्हणजे शिकवणाराच परीक्षक झाला. केंद्र प्रामाणिक असेल तर ही मोठी झेप, नसेल तर जुन्याच कागदाला नवा शिक्का.

१३/ जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, ती हे उपकलम स्थगित ठेवूनच. जमावाच्या भीतीने पळतो, हे चालकांचे म्हणणे. जखमी रस्त्यावर तडफडतो, हे समाजाचे. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

१४/ १९३९ ते २०२४ हा प्रवास एकत्र पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. वय, तास, परवाना आणि शिक्षा यांवर कायदा सतत बोलत राहिला. शिकवणार कोण आणि त्याचा खर्च सोसणार कोण, यावर फार कमी. एक-दोन ट्रकच्या मालकाला तो परवडत नाही आणि किन्नराच्या खिशात तेवढे पैसे नसतात. चाकणच्या चौकात कंटेनरांची रांग दिसेल, तेव्हा केबिनमधल्या दुसऱ्या माणसाकडेही पाहावे. उद्याचा चालक तोच असतो.

(धागा समाप्त)