नाखुदा ते नाखवा

बिद्रीत ऊस आहे, दूधगंगेचं पाणी आहे, समुद्र नाही. त्यामुळे उर्दूच्या तासाला ‘नाखुदा’ हा शब्द आला की मुलं थांबतात. मी सांगतो, नाव म्हणजे होडी, खुदा म्हणजे धनी. कोळीवाड्यातला ‘नाखवा’ तो हाच. समुद्रही तितका परका नाही. मालवणचा सिंधुदुर्ग १८१२पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडेच होता.

मराठी आरमाराची कहाणी आपण किल्ल्यांवरून सांगतो. मला ती शिडांवरून सांगावीशी वाटते.

१६५९च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजं बांधायला घेतली. कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर होता. वसईच्या पोर्तुगीज कप्तानानं फितवल्यावर तो आपल्या माणसांसह काम टाकून पळाला. आरमार मात्र उभं राहिलं, कारण तोवर इथल्या हातांनी काम उचललं होतं.

जहाज बांधणं एक, चालवणं दुसरं. अरबी समुद्रातलं जुनं शीड तिरक्या लांब काठीवर बांधलेलं. वारा आडवा असला तरी ते चालतं. पण दिशा बदलताना ती अख्खी काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागते. युरोपी जहाजाची चौकोनी शिडं पाठीमागच्या वाऱ्यावर जोरात पळतात आणि आडव्या काठ्या दोरांनी फिरतात. एका पद्धतीत मुरलेल्या खलाशाला दुसरी पुस्तकातून येत नाही. कुठला दोर कधी सोडायचा, हे हाताला कळावं लागतं.

१६७९मध्ये खांदेरीला हेच दिसलं. महाराजांच्या आरमाराचे सरदार होते दौलतखान आणि मायनाक भंडारी. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं अडकत; मराठ्यांच्या शिडाला वल्ह्यांची जोड होती. रात्री उथळ पाण्यातून होड्या बेटावर रसद पोचवत. अखेर १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघारीचा तह केला.

त्या आरमाराची भाषा पाहा. बंदर आणि लंगर फारसी, सुकाणू अरबी, खुद्द ‘आरमार’ पोर्तुगीज. गुराब हे जहाजाचं नाव अरबीतल्या कावळ्यावरून आलं. मराठी शुद्ध करायला निघालेल्यांनी हे शब्द काढले, तर जहाजाला ना धनी उरेल ना दिशा. दौलतखान पाहुणा नव्हता, तसे हे शब्दही नाहीत.

शिकणं उलट्या दिशेनंही होतं. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं, काथ्यानं शिवलेलं ‘कौंडिण्य’ जहाज मे २०२५मध्ये कारवारला नौदलात आलं. आधुनिक जहाजांवर घडलेल्या नौसैनिकांना तिथं चौकोनी शीड आणि सुकाणूच्या जागी वल्हं हाताळायला शिकावं लागलं. हुद्दा कितीही मोठा असो, नव्या दोरापुढे प्रत्येक जण आधी शागीर्द असतो.