सीमाप्रश्न, महाराष्ट्र–कर्नाटक
बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठीभाषक भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात (आताचे कर्नाटक) गेल्याने उद्भवलेला वाद. या वादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला सुचवली. बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवले. कर्नाटक सरकारच्या लेखी हा अहवाल अंतिम, महाराष्ट्राच्या लेखी पक्षपाती. (अंतिम म्हणताना निपाणी सोडण्याचा विषय अर्थातच निघत नाही.) बेळगावात २०१२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४ मध्ये शहराचे ‘बेळगावी’ झाले. १ नोव्हेंबरला तेथे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि मराठीभाषकांकडून काळा दिनही पाळला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव एकमताने केले. तडजोडीची भाषा कोणत्याच पक्षाला परवडत नाही. महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे.