मधल्या वर्षांचा पगार

'पुनःस्थापना' हा शब्द कायद्याच्या मराठीत रुळला आहे. बडतर्फ केलेल्या माणसाला पुन्हा त्याच्या जागी बसवणे, एवढा त्याचा अर्थ. या शब्दाला स्थळ आहे, काळ नाही. जागा परत मिळते. पण जागा गेल्यापासून ती परत मिळेपर्यंतच्या वर्षांचे काय, याविषयी हा शब्द काही बोलत नाही. त्या वर्षांचा हिशेब 'मागील वेतन' या दुसऱ्या शब्दप्रयोगाकडे सोपवलेला असतो, आणि खरे भांडण बहुधा तिथेच सुरू होते. महाराष्ट्रातील एका प्राथमिक शिक्षिकेच्या खटल्यात या दोन शब्दांमधले अंतर सर्वोच्च न्यायालयाला मोजावे लागले. तो खटला समजून घ्यायचा तर आधी शिक्षक आणि पगार यांच्या नात्याचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

गावच्या पंतोजीला पगार नव्हता. मुलांच्या घरून येणारे धान्य आणि सणावारी मिळणारी दक्षिणा यांवर त्याची गुजराण चाले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मांडले आणि पुढे एक त्रिकोण तयार झाला. पैसा सरकारचा, सत्ता संस्थाचालकांची आणि काम शिक्षकाचे. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात शिक्षणाचा प्रसार मोठ्या प्रमाणात याच रचनेतून झाला, हे नाकारता येणार नाही. पण पगार देणारा एक आणि नोकरीवर ठेवणारा दुसरा, अशा या व्यवस्थेत शिक्षकाने दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित राहिला.

कारखान्यातील कामगाराला औद्योगिक विवाद अधिनियमाचा आधार होता. शिक्षकाला तो मिळू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर गोव्यातील एका प्रकरणात मिळाले. तेथील एका शाळेने १९७५ मध्ये एका शिक्षिकेला नोकरीवरून काढले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९८८ मध्ये न्यायालयाने सांगितले, की शिक्षण संस्था हा 'उद्योग' असला तरी शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे. अध्यापन हे उदात्त कार्य आहे, ते अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम नाही, असा त्यामागचा विचार. शिक्षकाच्या गौरवाची भाषा त्याच्या विरोधात कशी जाऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल. गुरू म्हणून सन्मान मिळाला, पण त्या सन्मानामुळेच कामगार न्यायालयाचे दार बंद झाले.

महाराष्ट्रात तोपर्यंत वेगळी वाट निघाली होती. 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' हा कायदा १९८१ पासून अमलात आला. त्याच्या कलम ९ नुसार बडतर्फ झालेल्या शिक्षकाला ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. कलम ११ नुसार न्यायाधिकरण त्याला पुनःस्थापित करू शकते आणि थकलेले वेतन देण्याचा आदेशही देऊ शकते. एवढेच नव्हे, तर ही रक्कम संस्थेच्या अनुदानातून कापून परस्पर शिक्षकाला द्यावी, अशी शिफारसही सरकारला करू शकते. कायदा करणाऱ्यांना संस्थाचालकांचा स्वभाव चांगला ठाऊक होता, असे ही तरतूद वाचताना वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सत्तरच्या दशकात हा कायदा आकार घेत होता, त्याच दशकात भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील एका गावाहून दुसऱ्या गावी, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जात होता. संस्था, तिचे चालक आणि त्यांच्या मर्जीवरचा प्राध्यापक हे वास्तव मराठी कादंबरीने ओळखले. पण चांगदेव निघून जातो. जो निघून जात नाही, त्याच गावात राहून वर्षानुवर्षे तारखा घेतो, त्याची कथा कादंबरीपेक्षा निकालपत्रांतच अधिक सापडते.

अशीच एक कथा तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, घडली. एका ट्रस्टच्या प्राथमिक शाळेकडे महानगरपालिकेची ७९,९७४ रुपयांची कराची थकबाकी होती. व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांना सांगितले, की प्रत्येकाने दरमहा १,५०० रुपये द्यावेत. या शिक्षिकेने नकार दिला. त्यानंतर तिला सुमारे २५ मेमो देण्यात आले. तिने सर्वांना उत्तरे दिली. १४ नोव्हेंबर २००६ रोजी ती निलंबित झाली. शिक्षणाधिकाऱ्यांनी या निलंबनाला मान्यता दिली नाही. तरीही एकतर्फी चौकशी होऊन १५ जून २००७ रोजी तिला नोकरीवरून काढण्यात आले.

शाळा न्यायाधिकरणाने २० जून २००९ रोजी ही बडतर्फी रद्द केली. चौकशीत नियम धाब्यावर बसवले गेले होते, असा निष्कर्ष काढून तिला मागील संपूर्ण वेतनासह पुनःस्थापित करण्याचा आदेश दिला. व्यवस्थापन उच्च न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २८ सप्टेंबर २०११ रोजी बडतर्फी बेकायदा असल्याचे मान्य केले, पुनःस्थापना कायम ठेवली, मात्र मागील वेतनाचा आदेश काढून टाकला. कारण असे, की या काळात आपण अन्यत्र कमावत नव्हतो, याचा पुरावा शिक्षिकेने दिला नव्हता.

या कारणापाशी थोडे थांबले पाहिजे. एखादी गोष्ट घडली, हे सिद्ध करता येते; घडली नाही, हे कसे सिद्ध करायचे? नोकरी नव्हती याचा दाखला कोणते कार्यालय देते? 'पगार नव्हता तर मग जगलात कशावर?' हा प्रश्न वरवर निरागस दिसतो. प्रत्यक्षात त्यात एक आरोप दडलेला असतो. ज्या अर्थी तुम्ही जिवंत आहात, त्या अर्थी तुमचे नुकसान झालेले नाही. जगण्याची धडपडच अशा वेळी माणसाच्या विरोधातील पुरावा ठरते. १९८४ मधील एका खटल्यात मालकाने असाच बचाव केला होता. बडतर्फ कर्मचारी सासऱ्याच्या कोळशाच्या वखारीत मदत करून तिथेच कुटुंबासह राहत होता. म्हणजे तो कमावता होता, असे मालकाचे म्हणणे. याला कमाई म्हणायचे तर उद्या भीक मागण्यालाही कमाई म्हणावे लागेल, अशा आशयाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले होते.

१९७८ मधील हिंदुस्तान टिन वर्क्सच्या निकालापासून भूमिका तशी स्पष्ट होती. बडतर्फी बेकायदा ठरली तर संपूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम आणि त्यात कपात हा अपवाद. पुढे वारे बदलले. २००५ च्या सुमारास आणि नंतरच्या काही निकालांत हा भार हळूहळू कर्मचाऱ्याच्या खांद्यावर सरकत गेला. २००५ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेच्या एका प्रकरणात, आपण अन्यत्र नोकरीत नव्हतो हे प्रथम कर्मचाऱ्यानेच दाखवले पाहिजे, असे म्हटले गेले. उच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय याच प्रवाहातला होता.

१२ ऑगस्ट २०१३ रोजी न्या. जी. एस. सिंघवी आणि न्या. व्ही. गोपाल गौडा यांच्या पीठाने हा प्रवाह वळवला. कर्मचाऱ्याने आपण बेकार होतो, किंवा तुटपुंज्या वेतनावर काम करत होतो, एवढे कथन करावे. ते खोटे आहे, तो तितक्याच वेतनाची नोकरी करत होता, असे म्हणायचे असेल तर ते मालकाने सिद्ध करावे. या शिक्षिकेने आपण बेकार असल्याचे अपिलातच सांगितले होते आणि व्यवस्थापनाने ते खोडून काढले नव्हते. खटले लांबतात, हा दोष न्यायव्यवस्थेचा. त्याची शिक्षा कर्मचाऱ्याला देता येणार नाही. बेकायदा कृत्य करणाऱ्याला मागील वेतनातून मोकळे करणे म्हणजे ज्याने सोसले त्यालाच अप्रत्यक्ष शिक्षा करून ज्याने अन्याय केला त्याला बक्षीस देणे होय, हा या निकालाचा गाभा. चार महिन्यांत संपूर्ण वेतन द्यावे, अन्यथा ९ टक्के व्याज, असा आदेश झाला.

या निकालातील एक परिच्छेद साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा असा आहे. नोकरी गेल्यावर उत्पन्नाचा स्रोत आटतो. त्याची झळ एकट्या कर्मचाऱ्याला लागत नाही, सगळे कुटुंब होरपळते. मुलांचा सकस आहार आणि शिक्षण हिरावले जाते. नातेवाइकांकडून उसने घ्यावे लागते, असे तिथे म्हटले आहे. कलमे आणि पूर्वनिर्णय यांच्या कोरड्या भाषेत अचानक एक घर दिसू लागते. 'कशावर जगलात?' या प्रश्नाचे उत्तर न्यायालयानेच दिले आहे: उसनवारीवर. आणि उसने घेतलेले फेडावे लागते. म्हणून मागील वेतन म्हणजे काम न करता पदरात पडलेला लाभ, हा समज टिकत नाही. काम करण्यास ती तयार होती. तिला फाटकाबाहेर ठेवले गेले होते.

हा निकाल त्यानंतर अनेक खटल्यांत आधारभूत ठरला आहे. पण त्याने सर्व काही मिटले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सेवेचा कालावधी, गैरवर्तनाचे स्वरूप, मालकाची आर्थिक स्थिती यांचा विचार करण्याची मुभा न्यायालयांकडे आहेच. त्यामुळे प्रत्येक प्रकरणात हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. शिवाय दरमहा १,५०० रुपये देण्यास नकार दिल्याची किंमत निलंबनापासून अंतिम निकालापर्यंत जवळजवळ सात वर्षे होती, हे कोणत्याही व्याजदराने भरून निघत नाही. शाळेत त्या सात वर्षांत मुलांच्या किती तुकड्या आल्या आणि गेल्या असतील. ती मुले तिला परत मिळाली नाहीत. पगार परत मिळाला, यातून कायद्याने निदान एवढे मान्य केले, की त्या सर्व दिवसांत ती शिक्षिकाच होती.