पीटीओची दुरुस्ती : आधी बाहेर पाहा, मग पेटी उघडा

हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी सर्वपरिचित आहे. मात्र गावाबाहेर पडताच उसाचे मळे सुरू होतात. ऊस कारखान्याला गेला, की पाचटाची कुट्टी करणे किंवा रोटाव्हेटरने रान तयार करणे ही कामे ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असलेल्या एका फिरत्या दांड्याच्या बळावर चालतात. हा दांडा म्हणजे 'पॉवर टेक-ऑफ', शेतकऱ्यांच्या बोलीतील 'पीटीओ'. तो बंद पडला, तर इंजिन सुस्थितीत असूनही ऐन हंगामात काम खोळंबते.

अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९१८ मध्ये पीटीओ असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला. मिनिटाला ५४० फेरे हे प्रमाण १९२० च्या दशकात ठरले आणि ते आजही रूढ आहे. सहा खाचांचा, सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचा दांडा भारतातील बहुतेक ट्रॅक्टरांवर आढळतो.

दोष कसा ओळखावा?

दांडा मुळीच फिरत नसेल, तर प्रथम लिव्हर, त्याची पिन आणि जोडणी तपासावी. झिजलेल्या पिनमुळे लिव्हर पुढे सरकतो. पण आतील गिअर जुळत नाही. ही दुरुस्ती अल्प खर्चात होते.

दांडा मोकळा फिरतो, पण जमिनीत रोटाव्हेटर टेकताच थांबतो, अशा वेळी संशय क्लचवर जातो. दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये चाकांची व पीटीओची प्लेट स्वतंत्र असते. भरलेली ट्रॉली सहज ओढली जाते आणि रोटाव्हेटर मात्र अडखळतो, असे असेल तर पीटीओची प्लेट झिजलेली असण्याची शक्यता अधिक. आधी पेडलची ढील आणि क्लचची जुळणी तपासावी. प्लेट बदलायची झाल्यास ट्रॅक्टर मधोमध विलग करावा लागतो. हे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे.

दांड्याभोवती तेल गळत असेल, तर केवळ ऑईल सील बदलून भागत नाही. बेअरिंग सैल झाल्याने दांडा हलत असल्यास नवे सीलही लवकरच गळू लागते. काढलेले तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, तर लोखंडाचे कण आढळल्यास गिअर किंवा बेअरिंग झिजले आहे, असे समजावे.

कवच विसरू नये

दुरुस्तीपूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढून घेणे अत्यावश्यक आहे. ५४० फेऱ्यांचा दांडा सेकंदाला नऊ वेळा फिरतो आणि तेवढ्यात सुमारे एक मीटर कापड गुंडाळून घेतो. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर अडकल्यावर मागे सरण्यास अवधीच उरत नाही. जुन्या ट्रॅक्टरवरील संरक्षक कवच अनेकदा काढून ठेवलेले असते. ते पुन्हा बसविल्याशिवाय पीटीओची दुरुस्ती पूर्ण झाली, असे म्हणता येत नाही.