हरित न्यायाधिकरण, राष्ट्रीय

पर्यावरणविषयक दिवाणी वादांसाठी २०१० च्या कायद्याने १८ ऑक्टोबर २०१० रोजी स्थापन झालेला भारतातील खास न्यायमंच. मुख्य पीठ दिल्लीत. प्रादेशिक पीठे भोपाळ, पुणे, कोलकाता व चेन्नई येथे. महाराष्ट्र, गोवा व गुजरात पुणे पीठाकडे येतात.

पूर्वपीठिका : विधी आयोगाचा १८६ वा अहवाल (२००३).

रचना : न्यायिक सदस्याशेजारी तज्ज्ञ सदस्य बसतो, हे या मंचाचे खरे बळ. कांदळवन तुटल्याने भरतीचे पाणी कुठे वळले, हे जाणणारा माणूस येथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नव्हे, न्यायासनावर असतो. तज्ज्ञाला पदव्युत्तर पदवी व १५ वर्षांचा अनुभव लागतो; दीर्घ प्रशासकीय अनुभवावरही ही जागा मिळते, त्याविषयी मतभेद आहेत. दोन्ही प्रकारचे सदस्य किमान १०-१० हवेत. २०१८ मध्ये सदस्यांअभावी प्रादेशिक पीठांचे काम थांबले आणि दिल्लीहून दूरचित्रसंवादाने सुनावण्या घ्याव्या लागल्या. रिकाम्या खुर्चीपुढे कायदा कितीही चांगला असला तरी लुळाच.

कोळी प्रकरण : जवाहरलाल नेहरू बंदराच्या कामांत भराव पडला, कांदळवने गेली, होड्यांची वाट अरुंद झाली, अशी उरण, हनुमान, गव्हाण व बेलपाडा कोळीवाड्यांतील पारंपरिक मच्छीमारांची तक्रार होती. न्या. किनगावकर व तज्ज्ञ सदस्य डॉ. अजय देशपांडे यांच्या पुणे पीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख ८४ हजार, एकूण ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये देण्याचा आदेश बंदर न्यास, सिडको व ओएनजीसी यांना दिला. बुडालेल्या मासेमारीचे मोल कुटुंबागणिक आकड्यात मांडले गेले, म्हणून हा निकाल मोलाचा.

हवामान बदल : न्यायाधिकरण ज्यांखालील वाद ऐकते त्या मूळ अनुसूचीतील ७ कायद्यांत हवामान बदलाचा स्वतंत्र कायदा नाही; वनहक्क कायदाही नाही. भरपाईचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून ५ वर्षांत करावा लागतो. समुद्र मात्र हळूहळू आत येतो. त्याचा पहिला दिवस किनाऱ्यावरच्या माणसाने कोणता सांगावा? मुदतीची ही अट बदलणे निकडीचे आहे. उत्तराखंडातील ९ वर्षांच्या मुलीने २०१७ मध्ये केलेला हवामानविषयक अर्ज २०१९ मध्ये निकाली निघाला; पॅरिस कराराचे भान सरकारी धोरणांत नाही असे मानण्यास कारण नाही, असे मत पडले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये मानला.

स्वतःहून दखल : न्यायाधिकरणाचा हा अधिकार मुंबईच्या कचऱ्यावरील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केला.

शुल्क : भरपाई न मागितल्यास १,००० रुपये; दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास माफ.

अपील : सर्वोच्च न्यायालयात, ९० दिवसांत.